वेल वाढला, शेंगा का नाहीत?

नांदेडहून लातूरच्या रस्त्याने निघाले की गोदावरीच्या काठी विष्णुपुरी लागते. येथे नदीवरचा मोठा जलाशय आहे, १९८१ मध्ये सुरू झालेले अभियांत्रिकी महाविद्यालय आहे आणि १९९४ मध्ये स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे. या संस्थांच्या आजूबाजूला वसाहती वाढत गेल्या. वसाहतीतल्या घरामागे चार हात जागा असली की तेथे कढीपत्ता, तुळस आणि कुंपणावर चढवलेला वालाचा वेल हमखास दिसतो.

आता अशी दोन घरे डोळ्यांपुढे आणा. पहिल्या घरी फेब्रुवारीच्या शेवटी वाल लावला. कडक उन्हाळ्यात दोन वेळा पाणी घालून तो जगवला, वर मूठभर युरियाही दिला. जूनपर्यंत वेलाने मांडव झाकून टाकला. पाने तळहाताएवढी, रंग गर्द हिरवा. पण फूल नाही की शेंग नाही. दुसऱ्या घरी जुलैच्या पावसात चार बिया टोचल्या आणि फारसे लक्षही दिले नाही. ऑक्टोबर संपता संपता या वेलावर तुरे आले आणि गंमत म्हणजे त्याच आठवड्यात पहिल्या घरच्या वेलावरही आले! पाच महिने आधी लावून, शेकडो लिटर पाणी घालून पहिल्या घराने काय मिळवले? नुसता पाला.

असा वेल पाहिला की लोक म्हणतात, "खत कमी पडले असेल," किंवा "पाणी कमी पडले असेल." म्हणजे वेलाला आणखी काहीतरी द्यायला हवे, असे आपण धरून चालतो. विद्यार्थी मित्रांनो, बऱ्याच वेळा नेमके उलटे असते. वालाला ज्या तीन गोष्टी कमी पडतात त्या बाजारात मिळत नाहीत. त्या म्हणजे रात्रीचा अंधार, मुळांपाशी हवा आणि नत्राची थोडीशी भूक. या तीन गोष्टींचा विचार आपण एकेक करून करू या.

आधी नाव पक्के करा

शेंगभाज्यांच्या नावांचा आपल्याकडे मोठा घोटाळा आहे. एका जिल्ह्यात ज्याला घेवडा म्हणतात त्याला दुसरीकडे वाल म्हणतात, तिसरीकडे पावटा. म्हणून बी घेताना शास्त्रीय नावाची मदत घ्यावी. आपला वाल म्हणजे लॅबलॅब परप्युरियस. चपट्या शेंगा, जांभळी किंवा पांढरी फुले आणि दाण्याच्या कडेला पांढरी ठळक रेघ, ही त्याची खूण. श्रावण घेवडा म्हणजे फॅसिओलस व्हल्गॅरिस. याचेच वाळलेले दाणे राजमा म्हणून मिळतात. चवळी म्हणजे विग्ना अंग्विक्युलाटा आणि गवार म्हणजे सायमॉप्सिस टेट्रागोनोलोबा.

ही चारही शिंबावंत कुळातली भावंडे असली तरी त्यांचे स्वभाव वेगळे आहेत. वाल आपल्या देशात फार जुना. चवळी मूळची आफ्रिकेची. श्रावण घेवडा मूळचा अमेरिका खंडातला. १४९२ मध्ये कोलंबस तेथे पोहोचल्यानंतर तो जगभर पसरला. जो जेथे वाढला तेथल्या दिवस-रात्रीची आणि उष्णतेची सवय त्याच्या अंगी मुरली. ती ओळखल्यावाचून परसातली लागवड जमत नाही.

रात्र मोजणारा वेल

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या कृषी खात्यात गार्नर आणि ॲलार्ड हे दोन शास्त्रज्ञ काम करीत होते. त्यांच्यापुढे आपल्या विष्णुपुरीच्या वेलासारखेच कोडे होते. सोयाबीनचे 'बिलॉक्सी' नावाचे वाण त्यांनी काही आठवड्यांच्या अंतराने वेगवेगळ्या तारखांना पेरले. लवकर पेरलेली झाडे उंच झाली, उशिरा पेरलेली ठेंगणी राहिली. परंतु सर्वांना फुले आली ती मात्र सप्टेंबरच्या सुमारास, जवळजवळ एकाच वेळी! तंबाखूचे एक वाण तर उन्हाळाभर नुसते उंच वाढत राही, फुलतच नसे.

या शास्त्रज्ञांनी तपमान, ओलावा, खत अशा एकेका कारणाची शहानिशा केली. शेवटी १९१८ च्या जुलैमध्ये त्यांनी काही झाडे रोज दुपारनंतर एका अंधाऱ्या खोपटात नेऊन ठेवायला सुरुवात केली. म्हणजे भर उन्हाळ्यात झाडांना हिवाळ्यासारखा लहान दिवस दिला. ती झाडे लवकर फुलली. बाहेरची झाडे मात्र वाढतच राहिली. १९२० मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. दिवस-रात्रीच्या लांबीला वनस्पतीने दिलेल्या या प्रतिसादाला दीप्तिकालिता म्हणतात.

दिवस लहान झाला की फुलणाऱ्या वनस्पतींना लघुदिन वनस्पती असे नाव पडले. पण वनस्पती खरोखर दिवस मोजते की रात्र? १९३८ मध्ये हॅम्नर आणि बॉनर यांनी याचा छडा लावला. आपल्या कपड्यांना जिची काटेरी फळे चिकटतात त्या शंकेश्वर वनस्पतीवर त्यांनी प्रयोग केले. दिवसा मध्येच काही वेळ अंधार केला तर काहीच बिघडत नाही. परंतु लांब रात्रीच्या मध्यावर थोडा वेळ जरी दिवा लावला तरी फूल येत नाही! याचा अर्थ, झाड मोजते ती सलग अंधाराची रात्र.

हे मोजमाप पानातील फायटोक्रोम या रंगद्रव्यामार्फत होते. त्याची दोन रूपे आहेत. एक रूप सुमारे ६६० नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा प्रकाश शोषते आणि दुसऱ्या रूपात जाते. ते दुसरे रूप सुमारे ७३० नॅनोमीटरचा, आपल्या डोळ्यांना जेमतेम दिसणारा अतितांबडा प्रकाश शोषून पुन्हा पहिल्या रूपात येते. अंधारातही दुसरे रूप हळूहळू नाहीसे होत जाते. वर्गात आपण तरंगलांबी फक्त स्पेक्ट्रमच्या तक्त्यात पाहतो. वालाचे पान तिचा उपयोग कॅलेंडर म्हणून करते.

आता हे ज्ञान विष्णुपुरीला लावू या. हे ठिकाण सुमारे १९ उत्तर अक्षांशावर आहे. येथे २१ जूनच्या सुमारास दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा, म्हणजे रात्र पावणेअकरा तासांची असते. २२ डिसेंबरच्या सुमारास दिवस अकरा तासांचा आणि रात्र तेरा तासांची असते. ऑक्टोबरअखेर रात्र साडेबारा तासांपर्यंत पोहोचलेली असते. फरक सव्वादोन तासांचाच, पण जुन्या गावठी वालाला तो पुरेसा आहे. रात्री लांबू लागल्या की त्याच्या शेंड्यांना पानांऐवजी फुलांचा हुकूम मिळतो. फेब्रुवारीच्या शेवटी लावलेले रोप मोठे होईपर्यंत रात्री लहान होऊ लागतात. मग ते शरद ऋतूची वाट पाहत पाला वाढवत बसते.

आपल्या सणांतही हे कॅलेंडर दडलेले आहे. लातूर भागात मार्गशीर्ष अमावस्येला, म्हणजे वेळा अमावस्येला, शेतात भज्जी करतात. तीत तुरीचे, हरभऱ्याचे, वालाचे ओले दाणे पडतात. संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीच्या भाजीतही वाल किंवा घेवडा असतोच. डिसेंबर-जानेवारीत या शेंगा भरलेल्या असतात, कारण त्यांची फुले लांब रात्रींनी आणलेली असतात.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. वसाहतीत रस्त्याचा दिवा रात्रभर जळतो. त्याच्या अगदी खाली वालाचा मांडव असेल तर वेलाला खरी रात्र मिळतच नाही. प्रखर दिव्यांजवळचे सोयाबीन दूरच्या सोयाबीनपेक्षा उशिरा फुलते व उशिरा पक्व होते, हे पाहण्यात आलेले आहे. नांदेड-लातूरकडे सोयाबीनचे क्षेत्र मोठे आहे. तुमच्यापैकी कोणाचे शेत दिव्याशेजारी असेल तर सप्टेंबरमध्ये मुद्दाम पाहा. घरचा वाल मात्र दिव्याच्या उजेडापासून दूर, भिंतीच्या आडोशाला लावावा. दिवसा ऊन आणि रात्री काळोख, अशी जागा त्याला हवी.

सर्वच वाल असे नसतात. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने काढलेली 'अर्का जय' आणि 'अर्का विजय' ही झुडुपासारखी वाणे रात्रीच्या लांबीवर अवलंबून राहत नाहीत. श्रावण घेवड्याच्या बहुतेक लागवडीच्या वाणांचेही तसेच. तो युरोपात गेला तेव्हा तेथल्या शेतकऱ्याला उन्हाळ्याच्या लांब दिवसांतच पीक काढणे भाग होते. हिवाळ्यात तेथे बर्फ. त्यामुळे लांब दिवसांतही फुलणारी झाडेच पुढच्या बियांसाठी निवडली गेली. मात्र श्रावण घेवड्याचे वैरी वेगळे, ते म्हणजे उष्णता. दिवसाचे तपमान ३२ अंशांच्या वर राहू लागले व रात्रीही उबदार असल्या की त्याचे परागकण निकामी होऊ लागतात आणि फुले गळतात. म्हणून विष्णुपुरीत एप्रिलमध्ये त्याची फुले गळाली तर खताला दोष देऊ नका.

पाण्याचा हिशेब

बिनशेंगांच्या वेलाची किंमत किती, हे भौतिकशास्त्राच्या साध्या हिशेबाने काढता येते. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर उंचीचे पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. हे गुणोत्तर पाठ करून ठेवा.

उन्हाळ्यात मराठवाड्यात उघड्या, रुंद भांड्यातील पाणी दिवसाला सुमारे एक सेंटीमीटर खाली जाते. हिवाळ्यात साधारण चार मिलिमीटर. भरपूर पाने असलेल्या आणि पाणी मिळणाऱ्या वेलातून होणारे बाष्पोच्छ्वसनही ढोबळ मानाने याच्या जवळपास असते. वेलाने दोन मीटर लांब आणि दीड मीटर रुंद मांडव झाकला असेल तर क्षेत्र झाले ३ चौरस मीटर. म्हणजे उन्हाळ्यात रोज ३० लिटर, दोन बादल्या! एप्रिल आणि मे या दोन महिन्यांत १,८०० लिटर. आणि त्या बदल्यात शेंग एकही नाही. हाच वेल हिवाळ्यात फुला-शेंगांवर असताना रोज सुमारे १२ लिटरांत भागवतो, शिवाय काळ्या जमिनीत पावसाळ्याची ओल बरीच उरलेली असते.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले होते. ज्या भागाने हे पाहिले आहे त्या भागात दोन बादल्या पाणी ही लहान गोष्ट नव्हे. म्हणून वालाची वेळ साधणे हे बागकामापुरते उरत नाही. तो पाणी वाचवण्याचा सरळ मार्ग आहे.

स्वयंपाकघरातील तांदूळ, डाळी, भाज्या धुतलेले पाणी वेलाला खुशाल घाला. कपडे-भांड्यांचे साबणाचे पाणी मात्र नेहमी घालू नका. त्यातील सोडियममुळे काळ्या मातीचे कण एकमेकांपासून सुटतात, पाणी मुरण्याच्या बारीक वाटा बुजतात आणि जमीन आणखी चिकट होते. जमीन चिकट झाल्याने काय बिघडते, ते आता पाहू.

मुळांनाही श्वास लागतो

आपली काळी माती दख्खनच्या बेसॉल्ट खडकाच्या झिजेतून तयार झाली. तिच्यात चिकणमातीचे प्रमाण मोठे. चिकणमातीचा कण दोन मायक्रोमीटरपेक्षाही लहान आणि पापुद्र्या-पापुद्र्यांचा असतो. पाणी मिळाले की ते पापुद्र्यांमध्ये शिरते व माती फुगते; वाळली की आक्रसते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ही माती पाणी उत्तम धरून ठेवते. परंतु त्याच गुणामुळे पावसाळ्यात तिच्यातील हवेची जागा पाणी घेते.

मुळांना श्वसनासाठी प्राणवायू हवा. हवेतून प्राणवायू जितक्या सहज पसरतो त्याच्या सुमारे दहा हजार पट सावकाश तो पाण्यातून पसरतो. एवढा एक आकडा लक्षात आला की बाकीचे आपोआप उलगडते. माती पाण्याने गच्च भरली की मुळे गुदमरतात. गुदमरलेल्या मुळाला पाणी वर ओढता येत नाही. मग पायाशी चिखल असतानाही दुपारी वेल मान टाकतो. मालकाला वाटते, पाणी कमी पडले. तो आणखी एक बादली ओततो आणि वेलाचा शेवट जवळ येतो.

हे टाळण्यासाठी दोन सोप्या गोष्टी करा. एक, वाल सपाट जमिनीत न लावता आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच गादीवाफ्यावर लावा. वाफ्यात चांगले कुजलेले शेणखत किंवा पालापाचोळ्याचे खत भरपूर मिसळा. त्याने मातीचे बारीक कण एकत्र येऊन रवाळ ढेकळे बनतात आणि ढेकळांमधून हवा खेळते. दोन, पाणी देण्यापूर्वी बोटभर खोल माती उकरून मुठीत दाबा. तिचा चिकट गोळा झाला तर आज पाणी नको. ती भुगभुशीत होऊन फुटली तर पाणी द्या, आणि द्याल तेव्हा खोलवर मुरेल असे द्या. रोज थोडे थोडे शिंपडल्याने मुळे वरच राहतात आणि पहिल्याच कडक उन्हात होरपळतात.

पाने पिवळी पडली की त्यांचे नीट निरीक्षण करा. जुनी, खालची पाने सरसकट पिवळी पडत असतील तर नत्राची उणीव असू शकते, कारण झाड जुन्या पानांतील नत्र काढून नव्या पानांना पुरवू शकते. नवी, शेंड्याची पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या असतील तर ती लोहाची उणीव. लोह झाडात असे सहज हलवता येत नाही. आपल्या चुनखडीयुक्त जमिनीत लोह असते, पण विम्ल, म्हणजे अल्कधर्मी मातीत ते विरघळत नाही. पाणी साचले की अडचण आणखी वाढते. घर बांधताना पडलेला सिमेंट-चुन्याचा राडारोडाही हेच करतो. तो वाफ्यातून वेचून काढावा. येथे युरिया देऊन काही साधत नाही. निचरा सुधारला की अनेकदा नवी पालवी हिरवी येते.

गाठीतला कारखाना

आता तिसरी गोष्ट, नत्राची भूक. आपल्या डोक्यावरच्या हवेचा भार जमिनीच्या दर चौरस मीटरवर सुमारे दहा टन आहे. हवेत वजनाने तीन चतुर्थांश नत्र असतो. म्हणजे तुमच्या एक चौरस मीटरच्या वाफ्यावर जवळजवळ आठ टन नत्र उभा आहे! तरीही बहुतेक झाडे नत्रावाचून खुरटतात, कारण नत्राच्या रेणूतील दोन अणू तिहेरी बंधाने घट्ट बांधलेले असतात. तो बंध तोडायला खताच्या कारखान्यात ४०० ते ५०० अंश सेल्सिअस तपमान आणि दीडशे-दोनशे वातावरणांइतका दाब वापरतात.

हेच काम वालाच्या मुळावरील मोहरी-ज्वारीएवढ्या गाठी मातीच्या साध्या तपमानाला करतात. १८८६ मध्ये हेल्रीगेल आणि विल्फार्ट या जर्मन शास्त्रज्ञांनी शिंबावंत वनस्पती गाठींच्या साहाय्याने हवेतील नत्र वापरतात हे दाखवून दिले. १८८८ मध्ये हॉलंडच्या बायेरिंक यांनी गाठीतील जीवाणू वेगळे काढले. वेल या जीवाणूंना साखर पुरवतो आणि जीवाणू वेलाला नत्र देतात.

पण हा व्यापार वेलाला स्वस्तात पडत नाही. एक ग्रॅम नत्रासाठी त्याला साखरेच्या रूपाने पाच-सहा ग्रॅम किंवा त्याहूनही जास्त कार्बन मोजावा लागतो. म्हणून जमिनीत आयता नत्र भरपूर मिळाला तर वेल गाठी धरण्याच्या खटपटीत पडत नाही. युरिया घातलेल्या वेलाचे नेमके हेच होते. गाठी कमी, पाला जास्त, कोवळा लुसलुशीत शेंडा आणि त्यावर तुटून पडणारा मावा. पहिल्या घरच्या वेलावर युरियाने शेंगा आणल्या नाहीत. त्याने वेलाचा स्वतःचा कारखाना तेवढा मंदावला.

गाठी काम करतात की नाही हे कसे ओळखावे? वाफ्यातले एखादे जास्तीचे, महिनाभराचे रोप निवडा. ते उपटू नका, नाहीतर गाठी जमिनीतच तुटून राहतील. सभोवतीची माती ओली करून खुरप्याने ढेकळासकट काढा आणि बादलीतल्या पाण्यात अलगद धुवा. एक गाठ नखाने कापा. आत गुलाबी-लाल रंग दिसला तर कारखाना चालू आहे. पांढरी असेल तर अजून सुरू झालेला नाही. हिरवट-तपकिरी असेल तर बंद पडलेला आहे. हा लाल रंग लेगहीमोग्लोबिनचा. आपल्या रक्तातील हीमोग्लोबिनशी त्याचे जवळचे नाते आहे. जीवाणूंना श्वसनासाठी प्राणवायू हवा, पण नत्र बांधणारे त्यांचे विकर मोकळ्या प्राणवायूने बिघडते. लेगहीमोग्लोबिन प्राणवायू धरून ठेवते व मोजूनमापून पुरवते. तेव्हा पाणी साचलेल्या मातीत गाठीही गुदमरतात, हे वेगळे सांगायला नको.

योग्य जीवाणू जमिनीत नसतील तर बियांना रायझोबियम जीवाणू खत चोळता येते. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठासारख्या ठिकाणी अशी जीवाणू खते तयार होतात. घेताना पिकाचे नाव सांगा. वाल-चवळीचे जीवाणू वेगळे, श्रावण घेवड्याचे वेगळे. गुळाच्या पातळ पाण्यात ते कालवून बियांना हलक्या हाताने लावा, सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी पेरा. श्रावण घेवडा आपल्याकडे बहुधा फारशा गाठी धरत नाही. त्याला शेणखताचा हात सढळ ठेवावा लागतो. गाठींना स्फुरद मात्र हवे. आपल्या चुनखडीच्या जमिनीत हाडांची पूड लवकर लागू पडत नाही. सुपर फॉस्फेट शेणखतात मिसळून पेरणीपूर्वी मुळांच्या जागी देणे बरे.

लावावे कसे आणि कधी

विष्णुपुरीसारख्या हवेत वर्षाची आखणी अशी करता येईल. फेब्रुवारीअखेर ते मार्चमध्ये गवार. ती उष्णता आणि पाण्याची ओढ दोन्ही सोसते. जून-जुलैत चवळी आणि गावठी वाल. ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून नोव्हेंबरपर्यंत श्रावण घेवडा, म्हणजे त्याचा फुलोरा थंडीत येईल. नावात श्रावण असला तरी तो महिना सह्याद्रीच्या कडेच्या थंड गावांना शोभतो.

बी बोटाच्या एका पेराएवढे, दोन ते तीन सेंटीमीटर खोल टोचा. पेरताना माती ओलसर असावी. पेरल्यावर लगेच भरपूर पाणी ओतले तर काळ्या मातीवर कवच धरते, कोंब वाकतो आणि बी कुजते. एका ठिकाणी तीन-चार बिया टोचून नंतर दोन सशक्त रोपे ठेवा. वेली वालाच्या दोन ठिकाणांत सुमारे एक मीटर अंतर असावे. आधारासाठी गुळगुळीत लोखंडी नळीपेक्षा तुराटी, बांबू किंवा सुतळी चांगली. शेंड्याला घर्षण मिळाले की तो विळखे घट्ट धरतो. मार्च-एप्रिलपासून लोखंड तापते, तेव्हा तर ते नकोच.

माव्याकडे रोज सकाळी लक्ष ठेवा. पानाखाली आणि तुऱ्यावर काळ्या किड्यांची गर्दी दिसली तर पहिल्याच दिवशी पाण्याचा जोरदार फवारा मारून ती खाली पाडा. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला ढालकिडा दिसला तर त्याला मारू नका. तो आणि त्याची अळी मावा खातात. मुंग्या मात्र माव्याचा गोड स्राव मिळावा म्हणून माव्याचीच राखण करतात. जास्तच झाले तर निंबोळीच्या गराची ५० ग्रॅम भरड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, फडक्याने गाळा आणि संध्याकाळी फवारा.

शेंगा कोवळ्या असतानाच, दर तीन-चार दिवसांनी तोडा. शेंगा वेलावरच पिकू दिल्या तर वेलाचे अन्न बिया भरण्याकडे वळते व नवी फुले कमी होतात. आणि एक सावधगिरीची सूचना. वाल किंवा राजमा यांचे वाळलेले दाणे कच्चे चघळू नका. राजम्याच्या कच्च्या दाण्यात पोट बिघडवणारे विषारी प्रथिन असते. दाणे रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, नव्या पाण्यात चांगली उकळी आणून शिजवले की ते निर्धोक होतात.

करून पाहा

शाळेत करण्याजोगा एक प्रयोग सांगतो. गावठी वालाच्या बिया जूनच्या शेवटी सहा मोठ्या कुंड्यांत लावा. ऑगस्टच्या मध्यापर्यंत रोपे चांगली वाढतील. त्या वेळी दिवस सुमारे पावणेतेरा तासांचा असतो. आता तीन कुंड्यांवर रोज संध्याकाळी पाच वाजता मोठा पुठ्ठ्याचा खोका किंवा जाड काळ्या कापडाचा तंबू घाला आणि सकाळी सात वाजता काढा. म्हणजे या रोपांना चौदा तासांची रात्र मिळाली. बाकीच्या तीन कुंड्या तशाच शेजारी ठेवा. खोक्याच्या तळाशी वारा खेळता राहील, पण उजेड शिरणार नाही, अशी व्यवस्था करा. तीन-चार आठवडे एकही दिवस न चुकता हे करावे लागेल. रविवारची पाळीही ठरवून घ्या.

माती, पाणी, बी, जागा सर्व सारखे. फरक फक्त रात्रीचा. असे केल्याशिवाय कारण हाती लागत नाही. एकाच दिवशी खतही बदलले, पाणीही बदलले आणि जागाही बदलली तर फुले कशामुळे आली हे कोण सांगणार? गार्नर आणि ॲलार्ड यांनी एकेक कारण बाजूला सारीत जे केले, तेच तुम्ही शाळेच्या अंगणात कराल.

प्रत्येक कुंडीला क्रमांक द्या आणि पहिली कळी दिसल्याची तारीख वहीत लिहा. कुंड्यांत काहीच फरक दिसला नाही तर तेही लिहा. कदाचित तुमच्या हाती आलेले बी रात्र न मोजणाऱ्या वाणाचे असेल. हे कळणेही उपयोगाचे आहे. कारण वालाची फुले बहुतांशी स्वपरागित असतात आणि घरी राखलेले बी सहसा मूळ वेलासारखेच निपजते. चांगल्या वेलाच्या दोन-चार शेंगा वाळू द्या, दाणे काढून बाटलीत भरा आणि चिठ्ठीवर लावल्याची, फुलल्याची व पहिल्या तोडणीची तारीख लिहून ठेवा. पुढल्या जूनमध्ये शेजारी बी मागायला येतील, तेव्हा बियांबरोबर त्यांना त्या तीन तारखाही द्या.